कोनशिला आणि रिक्त पदे

दसरा उलटला की बालाघाटाच्या माथ्यावरील गावे हळूहळू रिकामी होऊ लागतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी, कडेवरची मुले, पत्र्याच्या पेट्या, शेळ्या-कोंबड्या आणि कोयते यांसह मालमोटारी व ट्रॅक्टर पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. पुढचे पाच-सहा महिने अनेक घरांत म्हातारी माणसे आणि शाळेसाठी मागे ठेवलेली पोरे एवढीच उरतात. बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढून केज-अंबाजोगाईच्या रस्त्याला लागले की येणारे नेकनूर हे या पट्ट्यातील बाजाराचे गाव. जनावरांचा बाजार, बंकटस्वामी महाराजांचे संस्थान आणि सरकारी रुग्णालय या तीन कारणांनी आसपासच्या खेड्यांतील माणसांचे पाय नेकनूरकडे वळतात. यांपैकी तिसऱ्या कारणाचा येथे विचार करावयाचा आहे. ग्रामीण भागात रुग्णालयाच्या विस्ताराचा विषय निघाला की पाठोपाठ वर्गणी, देणगी, कोनशिला आणि आरोग्य शिबिरे यांची भाषा सुरू होते. ही भाषा इतकी सवयीची झाली आहे की तिच्यातील गफलत चळवळीतल्या माणसांच्याही ध्यानात येईनाशी झाली आहे.

नेकनूरच्या रुग्णालयाला लोक ‘कुटीर रुग्णालय’ म्हणतात. हा शब्द आला कोठून, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. इंग्लंडातील सरे परगण्यात क्रॅनली नावाच्या खेड्यात १८५९ साली आल्बर्ट नॅपर या डॉक्टराने एका साध्या घरात मोजक्या खाटा मांडून रुग्णालय सुरू केले. गावकऱ्यांची वर्गणी आणि रुग्णाने ऐपतीप्रमाणे दिलेली आठवड्याची अल्प रक्कम यांवर ते चालले. पुढे तशी रुग्णालये देशभर झाली आणि त्यांचे नाव सरकारी कागदपत्रांतून आपल्याकडे ‘कुटीर’ होऊन उतरले. पण खरी गोष्ट त्यापुढची आहे. वेल्समधील ट्रेडेगर या कोळशाच्या गावात खाणकामगारांनी मजुरीतून काही पेन्स कापून देऊन स्वतःची वैद्यकीय मदत संस्था चालविली. त्याच गावचा एक खाणकामगार, अन्यूरिन बेव्हन, मजूर पक्षाच्या सरकारात आरोग्यमंत्री झाला आणि जुलै १९४८मध्ये त्याने राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली. कुटीर रुग्णालयेही तिच्यात आली. म्हणजे लोकांनी वर्गणी काढून आधी एक गोष्ट करून दाखविली, आणि मग ती चालविण्याची जबाबदारी शासनाच्या गळ्यात घातली.

आपल्याकडे प्रवास नेमका उलट दिशेने झाला. भोर समितीने १९४६ सालीच असे सांगितले होते की, पैसे देण्याची ऐपत नाही एवढ्याच कारणाने कोणीही उपचारावाचून राहता कामा नये. १९५२पासून प्राथमिक आरोग्य केंद्रे उघडू लागली, मागाहून ग्रामीण रुग्णालयांची जाळी विणली गेली. जबाबदारी आधी मान्य झाली, आणि ती पार पाडण्याची वेळ आली तेव्हा शासनाचा हात आखडला. मग सरकारी रुग्णालयांत शुल्क आले. ते सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतून १५ ऑगस्ट २०२३ रोजी रद्द झाले, ही गोष्ट चांगलीच झाली. परंतु केसपेपर फुकट झाला म्हणून केसपेपरवर औषध लिहिणारा खुर्चीवर आला असे होत नाही. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पाचा आठ टक्क्यांहून अधिक वाटा आरोग्यावर खर्च करावा असे म्हटले. त्यासाठी मुदत २०२०ची होती. महाराष्ट्रासारखे श्रीमंत राज्य त्या आकड्याच्या जवळपासही पोहोचले नाही.

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही भांडवली खर्च आणि आवर्ती खर्च यांतील भेद शिकवावा लागतो. रुग्णालयाच्या बाबतीत तो भेद जीवनमरणाचा आहे. खोली बांधणे हा एकवेळचा खर्च. डॉक्टर, परिचारिका, प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ, सफाई कामगार, औषधे, वीज आणि रुग्णवाहिकेचे डिझेल हा दर महिन्याचा खर्च. पाच लाखांत एखादी खोली उभी राहते आणि तीसचाळीस वर्षे टिकते. तेच पाच लाख एका कायम परिचारिकेच्या एका वर्षाच्या पगाराला जेमतेम पुरतात. देणगीदाराचा ओढा कोणीकडे राहील हे सांगायला नको. खोलीच्या दारावर वडिलांचे नाव संगमरवरात कोरता येते. परिचारिकेच्या पगारावर ते कसे कोरणार? पुढाऱ्याचेही गणित तेच आहे. इमारतीचे भूमिपूजन होते, पायाभरणी होते, उद्‌घाटन होते, आणि मधे सरकार बदलले तर उद्‌घाटन दोनदाही होते. भूलतज्ज्ञाचे रिकामे पद भरले गेले, या घटनेचे उद्‌घाटन आजवर कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

परिणाम असा की, विस्तार म्हणजे खाटांची संख्या, असे समीकरण रूढ झाले. तीस खाटांच्या जागी पन्नास, पन्नासांच्या जागी शंभर. पण अडलेल्या बाळंतिणीची शस्त्रक्रिया खाट करीत नाही. तिला एकाच वेळी स्त्रीरोगतज्ज्ञ लागतो, भूलतज्ज्ञ लागतो, जन्मणाऱ्या बाळासाठी बालरोगतज्ज्ञ लागतो आणि हाताशी रक्त लागते. या चारांपैकी एक नसला तरी उरलेल्या तिघांचा उपयोग होत नाही. मग चिठ्ठी लिहून बाईला बीडला किंवा अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे धाडणे एवढेच रुग्णालयाच्या हाती राहते. राज्यातल्या किती नव्या इमारती अशा चिठ्ठ्या लिहिण्यापुरत्या उरल्या आहेत, याची मोजदाद आरोग्य खात्याने एकदा करून लोकांपुढे ठेवावी.

याचा अर्थ लोकांनी पैसा देऊच नये असा नाही. देणगीला अट घालता येते, हे मात्र आपण विसरलो. मुंबईचे केईएम रुग्णालय आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ साली सुरू झाले. त्या देणगीची अट अशी होती की, तेथील अध्यापक आणि डॉक्टर भारतीयच असावेत. गोऱ्या डॉक्टरांच्या मक्तेदारीच्या काळात घातलेली ती अट इमारतीहून मोलाची ठरली. दुसरे उदाहरण चळवळीच्या घरातले आहे. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, डॉ. बाबा आढाव, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या पुढाकाराने सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. नामवंत नटनट्यांनी आचार्य अत्रे यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग गावोगाव करून पैसा जमविला. त्या पैशातून कोठेही सभागृह बांधले गेले नाही. पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्याच्या चुलीसाठी दरमहा मानधन मिळावे, म्हणून तो निधी होता. दगडविटांपेक्षा माणूस टिकविणे अवघड आणि अधिक निकडीचे आहे, हे ज्यांनी ओळखले त्यांनीच हे केले. नेकनूरच्या परिसरातील व्यापारी, शिक्षक आणि बाहेरगावी नोकरीस असलेली मंडळी उद्या रुग्णालयासाठी पैसा काढणार असतील, तर त्यांना या दोन उदाहरणांचा उपयोग व्हावा. आधी पदे मंजूर करा आणि भरा, मग भिंत आमची, अशी अट त्यांनी घातली तर ती उद्धटपणाची ठरणार नाही.

आता शिबिरांकडे वळले पाहिजे. पुढाऱ्याचा वाढदिवस, जयंती किंवा एखाद्या संस्थेचा वर्धापनदिन आला की आरोग्य शिबिर भरते. मंडप, ध्वनिक्षेपक, सत्कार, शाल-श्रीफळ, आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात ‘इतक्या शे रुग्णांनी लाभ घेतला’ अशी बातमी. समाजवादी कार्यकर्तेही या रिवाजाला अपवाद राहिलेले नाहीत. सरसकट सर्व शिबिरांना नावे ठेवणे अर्थातच अन्यायाचे होईल. मोतिबिंदूची शस्त्रक्रिया एकदा होते, माणसाला दिसू लागते आणि काम संपते. तेथे शिबिर उपयोगी आहे. रक्तदानाच्या शिबिरावाचून रक्तपेढ्या चालणार नाहीत. पण ज्या आजाराला दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, दर महिन्याला वैद्याचे तोंड पाहावे लागते, त्याला शिबिराचा काय उपयोग? रक्तदाब मोजून आकडा सांगितला आणि पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या. सोळाव्या दिवशी काय? बाईच्या अंगात रक्त कमी आहे हे शिबिरात कळते, पण ते भरून यायला लोहाच्या गोळ्या कित्येक महिने घ्याव्या लागतात, आणि त्या काळात ती साताऱ्याच्या किंवा कोल्हापूरच्या फडात असते.

बीड जिल्ह्यात या प्रश्नाला एक भयंकर बाजू आहे. तिचा उल्लेख केल्यावाचून येथील आरोग्याविषयी लिहिणे ही फसवणूक ठरेल. ऊसतोडणी करणाऱ्या बायकांची गर्भाशये काढून टाकण्याचे प्रमाण पाहून २०१९ साली राज्यभर खळबळ उडाली. जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशये काढल्याची माहिती विधिमंडळात द्यावी लागली. त्यानंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्यापुढे आलेल्या पाहणीत जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोडणी कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे दर सहा जणींत एक. २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास या वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण देशात ३.२ टक्के होते. दोन्ही पाहण्यांचे वयोगट तंतोतंत सारखे नाहीत, हे मान्य करूनही अंतर डोळ्यांत भरते. या बायकांपैकी अनेक चाळिशीच्या आतल्या होत्या.

हे घडते कसे, याची साखळी नीट समजून घ्यावी. पहाटे फडात उतरलेल्या बाईला ना आडोसा, ना पाणी. पाळीच्या दिवसांतही मोळी डोक्यावर घेऊन गाडी भरावी लागते. एक दिवस काम चुकले की मुकादम खाडा धरतो, आणि कोयता म्हणजे नवराबायको मिळून एक असा हिशेब असल्याने एकीचा खाडा दोघांच्या अंगावर पडतो. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे ही दुखणी तेथूनच लागतात. बहुतेक वेळा साध्या औषधांनी बरी होणारी ती दुखणी. पण औषधे वेळेवर, पुरते दिवस आणि बाईने मोकळेपणाने बोलावे अशा वैद्याकडून मिळावी लागतात. तशी सोय जवळ नसली की बाई अंगावर काढते. मग गावी परतल्यावर कोठेतरी सोनोग्राफी होते. ‘पिशवीला सूज आहे’, ‘पुढे कर्करोग होईल’ असे दोन शब्द कानांवर पडतात. मुले झालेली असतात, खाड्याची धास्ती असते, घरातले म्हणतात काढून टाक. हजारोंचा खर्च पुढच्या हंगामाच्या उचलीतून भागतो, आणि ती उचल फेडण्यासाठी शस्त्रक्रिया झालेली बाई पुन्हा मोळी उचलायला जाते. अकाली पाळी गेल्यामुळे, आणि बीजकोशही काढले असले तर अधिकच, हाडे ठिसूळ होतात, कंबर धरते, आणि मजुरी कमी पडू लागते. कर्जातून शस्त्रक्रिया आणि शस्त्रक्रियेतून पुन्हा कर्ज, असा हा फास आहे.

२०१९नंतर खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे भाग पडले. हा निर्बंध आवश्यकच होता. मात्र निर्बंधाने सुरी थांबते, दुखणे थांबत नाही. दुखणे थांबविण्याची जागा म्हणजे गावापासून बसने किंवा जीपने अर्ध्या-पाऊण तासावर असलेले, रोज उघडे असणारे सरकारी रुग्णालय. आरोग्य विम्याच्या योजना ही जागा घेऊ शकत नाहीत. विम्याचा पैसा दाखल झालेल्या रुग्णामागे आणि शस्त्रक्रियेमागे जातो. बाह्यरुग्ण विभागात बाईशी दहा मिनिटे बोलून सुरी टाळणाऱ्या डॉक्टरला त्या हिशेबात स्थान नाही. नेकनूरच्या विस्ताराचा विचार करायचा तो या बाईला डोळ्यांपुढे ठेवून. ती गावी असते पावसाळ्याच्या आगेमागे. बाजाराच्या दिवशी ती नेकनूरला येते. त्या दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर, शक्य तर स्त्री डॉक्टर, वर्षाच्या बावन्न आठवड्यांत हजर असणे, ही गोष्ट वीस वाढीव खाटांहून अधिक मोलाची आहे. शिबिरे भरवायचीच तर ती हंगामाच्या पंचांगाने भरवावीत. एक पाडव्यानंतर जोडपी परतल्यावर, दुसरे पोळ्याच्या सुमारास, म्हणजे उपचार पुरा करायला हाती महिना-दीड महिना राहील. आणि दुसऱ्या शिबिराची पहिली रांग पहिल्या शिबिरातल्या बायकांची असावी. प्रत्येकीच्या हाती आजार आणि औषध लिहिलेले कार्ड असावे, आणि कारखान्याच्या परिसरातील आरोग्य केंद्राने ते कार्ड मानावे. पाहुण्यांच्या सोयीने तारीख ठरली की हे सगळे कोसळते.

असे काम होऊ शकते का, ही शंका बीडकरांनी तरी काढू नये. जिल्ह्याच्या सीमेला लागून जामखेड आहे. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य १९७० साली तेथे आले, तेव्हा गावाने त्यांना जनावरांच्या जुन्या दवाखान्याची पडीक जागा दिली. त्यांनी इमारतीच्या आधी खेड्यातल्या बायका हेरल्या. पुष्कळ निरक्षर, अनेक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्यांना बाळंतपण, जुलाब, कुपोषण यांचे शिक्षण दिले आणि दर आठवड्याला ते उजळत ठेवले. प्रकल्पाच्या नोंदीनुसार १९७१ साली हजारी १७६ असलेला अर्भकमृत्युदर १९९६पर्यंत २६वर आला. अंबाजोगाईत डॉ. द्वारकादास लोहिया यांनी १९८२ साली ‘मानवलोक’ उभारली, ती कोरडवाहू शेती आणि पाणी यांपासून सुरुवात करीत. रोगाची मुळे दवाखान्याबाहेर असतात, हे ओळखणारा तो समाजवादी डॉक्टर होता. आणि छत्तीसगडात दल्ली राजहरा येथे लोहखनिजाच्या खाणकामगारांनी, शंकर गुहा नियोगी यांच्या संघटनेच्या बळावर, १९८३ साली शहीद रुग्णालय उघडले. संघटनेची एक कार्यकर्ती, कुसुमबाई, वेळेवर उपचार न मिळाल्याने बाळंतपणात दगावली, त्या दुःखातून त्याची कल्पना निघाली. कामगारांनी पैसा दिला, श्रम दिले, आणि बाहेरच्या बड्या देणग्या नाकारल्या. ज्याचा पैसा त्याची सत्ता, हे त्यांना कोणत्याही अर्थशास्त्रज्ञाने शिकविण्याची गरज पडली नाही.

नेकनूरची अडचण वेगळी आहे आणि तिचा विचार व्हायला हवा. शहीद रुग्णालय कामगारांचे होते. नेकनूरचे शासनाचे आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत येते, त्यामुळे निवडून दिलेल्या सदस्याला निदान जाब विचारता येतो. कुटीर किंवा ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांच्या मार्फत थेट राज्य शासनाच्या अधीन. गावात उभे असूनही ते गावाच्या हातात नाही. ग्रामीण आरोग्य अभियानापासून, म्हणजे २००५नंतर, रुग्ण कल्याण समित्या आल्या, ती एवढी एकच फट. या समित्यांच्या बैठका कधी होतात, त्यांत कोण बसते, निधी कशावर खर्च होतो, हे किती कार्यकर्त्यांनी कधी विचारले असेल? सप्ताहाच्या वर्गणीचा जमाखर्च शेवटच्या दिवशी मंदिरात वाचून दाखविण्याची चाल अनेक गावांत आहे. कोणी किती पायली ज्वारी दिली, आचाऱ्याला काय गेले, शिल्लक किती, हे सर्वांच्या कानांवर पडते आणि हिशेब चुकला तर म्हातारी माणसे उठून बोलतात. बंकटस्वामी महाराजांच्या गावाला हे नव्याने सांगायचे नाही. तोच रिवाज रुग्णालयाच्या पैशाला लावला तर निम्मे काम होईल. त्याच वाचनात आणखी एक कागद असावा: मंजूर पदे किती, भरलेली किती, आणि भरलेल्यांपैकी प्रत्यक्ष हजर किती.

लोकांच्या वर्गणीने करण्यासारखी कामे नंतरही उरतात, आणि ती लहान आहेत. बाळंतिणीच्या सोबत आलेल्या सासूला रात्री टेकायला जागा, तिला भाकरी करायला आडोसा, अवेळी वस्तीवरून बाईला आणणाऱ्या जीपवाल्याला त्याच क्षणी भाडे देणारी पेटी, दूरच्या रुग्णाला परतीचे तिकीट. यांतल्या कशावरही नावाची पाटी लावता येणार नाही. दर महिन्याला वीस-वीस रुपये देणारी पाचशे घरे यासाठी पुरेशी आहेत, आणि अशी घरे दारोदार फिरूनच मिळतात. पक्षाच्या शाखेने एक शिबिर कमी भरवावे आणि त्या वेळात हे काम करावे.

ग्रामसभांपैकी २ ऑक्टोबरची सभा ऊसतोडीला निघण्यापूर्वीची शेवटची असते. तिच्याआधी महिलांची स्वतंत्र सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि ती बहुधा सह्या गोळा करून कागदावरच भरते. नेकनूर आणि भोवतालच्या गावांतील कार्यकर्त्यांनी या वर्षी ती प्रत्यक्ष भरवावी. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ यांची पदे आणि बाजाराच्या दिवसाची तपासणी हे दोनच विषय तिच्यापुढे ठेवावेत, ठरावाची प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांना पोहोच घेऊन द्यावी, आणि पाडव्यानंतर बायका परत आल्या की त्यांच्यापुढे ते उत्तर वाचून दाखवावे. उत्तर आलेच नसेल तर तेही वाचून दाखवावे.